दुसऱ्या ‘एन’ची तिरकी रेघ

सोमवार, २ मार्च

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की वकीलबाईंच्या संग्रहातलं एक घड्याळ फार दुर्मिळ आहे, कारण त्याच्या तबकडीवर कारखान्यातच एक चूक राहून गेली, आणि ‘हे मला तपासणीत आढळलं’. ते खरं नाही. मला काहीच आढळलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, मी मान डोलावली आणि तसं लिहिलं. तुला लिहिलं ते एक वेळ चाललं असतं. पण संग्रहाच्या पत्रकातही मी हेच लिहून खाली सही केली आहे. तेव्हापासून ‘आढळलं’ हा शब्द घासात खडा लागावा तसा लागतोय.

शेजारच्या टायपिस्टबाई तुला हे वाचून दाखवतील तेव्हा तू म्हणशील, हिला दुसरं काम नाही का. काम आहे गं, आणि ते मला फार आवडतं, तीच तर पंचाईत आहे. सत्तावीस घड्याळं आहेत. प्रत्येकाची पाहणी करायची, वर्णन लिहायचं, फोटो चिकटवायचा. सकाळी आठला बाई लांब टेबलावर करड्या रंगाचं जाड कापड अंथरतात आणि एकेका घड्याळाला चावी देतात. वेळ मात्र एकातही बघत नाहीत. मी एकदा विचारलं, “बाई, यातली बरोबर वेळ कुणाची?” तर म्हणाल्या, “बरोबर वेळ बघायला स्वयंपाकघरात प्लास्टिकचं आहे की.” डोळे मिटून चावी फिरवतात आणि बोटांनीच ओळखतात: “हे लोणी. हे जरा वाळू. हा म्हातारा, कुरकुरतो पण थांबत नाही.” तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं एक आहे, ते त्या भांडी घासताना घालतात. लग्न केलं नाही, त्याबद्दल कुणी छेडलं तर म्हणतात, “तुम्ही नवरे केलेत, मी घड्याळं केली. वेळेवर दोन्ही नसतात, पण घड्याळ दुरुस्त होतं.”

मागच्या गुरुवारी त्यांनी सगळ्यात पातळ, सोन्याचं घड्याळ दिवसभरासाठी माझ्या मनगटावर बांधलं. मी दिवसभर तो हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा सांभाळला. पिशवीसुद्धा उजव्याच हातात धरली. संध्याकाळी काढून ठेवताना मनगट उघडं पडल्यासारखं वाटलं. हा नाद माणसाला का लागतो ते त्या दिवशी मला कळलं.

आता मुद्दा. ते चुकीच्या तबकडीचं घड्याळ बाई शनिवारी, २८ तारखेला, दाताच्या डॉक्टरांना देणार आहेत आणि बदल्यात त्यांचं चंद्राच्या कला दाखवणारं घड्याळ घेणार आहेत. दोघांची अकरा वर्षं यावरून ओढाताण चालली आहे. डॉक्टर बाईंना तोंडावर म्हणाले, “तुमच्या शब्दावर मी नाही घेणार. तुम्ही जन्मभर दोन्ही बाजूंनी बोललात. या मुलीची सही असेल तर घेतो.”

म्हणून काल, उशिरा का होईना, मी त्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आत, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशी, तीन टिंबं कोरलेली आहेत. बाबांची! सही येत नाही म्हणून ते साफ केलेल्या प्रत्येक घड्याळात तीन टिंबं कोरायचे, ती. मला रडू आलं आणि मग मी भिंग पुन्हा लावलं. कारण टिंबांच्या खाली एक बारीक आडवी रेघ आहे. मी बाबांच्या शेजारी बसून शेकडो झाकणं पाहिली, टिंबांखाली रेघ कधी पाहिली नाही. ती कशाची खूण?

मी सहज विचारत नाहीये. पण तू सहज सांग.

तुझी,
चिमटी


शनिवार, ७ मार्च

चिमटे,

रेघ माझी.

एवढंच लिही म्हटलं तर टायपिस्ट म्हणते, कागद वाया जाईल. म्हणून सगळं सांगते. टिंबं दादाची, रेघ माझी. मशीन तो बघायचा, तबकडीला हात लावायची वेळ आली की घड्याळ पडद्यामागे माझ्याकडे यायचं. फार नाहीत, असतील नऊ-दहा. तू तेव्हा जन्मली नव्हतीस, आणि पुढे माझे डोळे अधू झाले तसं ते काम बंदच झालं. बाहेर कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. एवढ्या भारी घड्याळाच्या तोंडावर एका अंगठाबहाद्दर बाईने कुंचला फिरवला म्हटल्यावर गिऱ्हाईक पळालंच असतं.

हे घड्याळ मला चांगलं आठवतं. एक अधिकारी त्याच्यासकट पाण्यात पडला होता. तो वाचला, तबकडी नाही वाचली. उजवी बाजू फुगून आली होती आणि खालची बारीक अक्षरांची कमान अर्धी खाल्ली गेली होती. मी चार दिवस बसले. कुंचल्याला केस एकच. श्वास सोडायचा, पुढचा घ्यायच्या आत एक रेघ ओढायची. श्वास घेतलास की हात हलला. दादा तेवढा वेळ दुकानात कुणाला बोलू द्यायचा नाही. म्हणायचा, “आत दूध ठेवलंय, उतू जाईल.”

अधिकाऱ्याने भिंग लावून बघितलं आणि विचारलं, नवी तबकडी कुठून आणलीत? दादा म्हणाला, “घरातच होती.”

आणि तू म्हणतेस चूक आहे. कसली चूक? त्या तबकडीवर चूक असेल तर मी हात कापून देईन. डोळ्यांनी आता बारीक दिसत नाही, पण हाताला सगळं पाठ आहे. मोठं काढून पाठवते आहे, ताटाएवढं. ताडून बघ. आणि सांग तुझ्या वकीलबाईला, खुशाल सांग. दादा गेला, मला आता कुणाची चोरी? म्हणावं, तुमच्या सत्तावीस जणांत एक आमच्या घरचा आहे.

जेवतेस ना वेळेवर? की नुसती घड्याळं बघतेस?

आत्या

(चित्र मला दाखवलं नाही. घडी घालून स्वतः पाकिटात टाकलं. म्हणाली, “तू जन्मभर साहेबांच्या चुका काढल्यास, माझ्या काढू नकोस.” बाकी तब्येत बरी आहे. — टायपिस्ट)


बुधवार, ११ मार्च

प्रिय आत्या,

चित्र पोचलं. तासांचे आकडे, मिनिटांची टिंबं, कंपनीचं नाव, सगळं जसंच्या तसं आहे. माझ्या फोटोशेजारी ठेवून पाहिलं. हे टायपिस्टबाई मोठ्याने वाचणार म्हणून पुढचं वाक्य मी कितीदा लिहून खोडलं, त्याचा हिशेब नाही.

ती चूकही जशीच्या तशी आहे.

खालच्या कमानीतला तो बारीक इंग्रजी शब्द. घड्याळ चुंबकाजवळ नेलं तरी बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. त्यात एन नावाचं अक्षर दोनदा येतं. दोन उभ्या दांड्या आणि मध्ये तिरकी रेघ. ती रेघ डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली यायला हवी. पहिल्या एनमध्ये येते. दुसऱ्यात खालून वर जाते. बाईंनी कुठल्याशा पुस्तकात एक ओळ वाचली होती की काही तबकड्या कारखान्यातूनच उलट्या अक्षराच्या निघाल्या असाव्यात. तेवढ्यावर त्यांनी या घड्याळाला डोक्यावर घेतलं आणि मी त्याखाली सही केली. पण तो एन कारखान्यात उलटा झालेला नाही. आपल्या पडद्यामागे झाला.

माझी सही नसती तर डॉक्टर आपलं चंद्राचं घड्याळ देणार नव्हते. म्हणजे ते माझ्यामुळे फसणार.

सोमवारी सकाळी चावी द्यायच्या वेळी मी सांगायला गेले. “बाई, एक विचारू?” म्हटलं. त्या म्हणाल्या, “विचार, पण उलटतपासणी नको. मी निवृत्त आहे.” आणि नेमकं तेच घड्याळ उचलून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. “हे बघ,” म्हणाल्या. “बाकीच्या सव्वीसांत मला कारखाना दिसतो. यात माणूस दिसतो. सकाळी घरी भांडून आला असेल, हात एकदाच उलटा फिरला असेल. कुणाला कळलं नाही. मला कळलं.” इतक्या खुशीत होत्या की मला वाटलं ओरडून सांगावं, तो माणूस बाई आहे आणि माझी आत्या आहे.

मी म्हणाले, “पट्टा बदलायला हवा.” पट्टा गेल्याच महिन्यात बदललाय.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कुलूप लावून जिना उतरते, परत वर जाऊन कुलूप ओढून बघते. तू पत्रात सांग म्हणालीस, पण तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. म्हणून पुन्हा विचारते. सांगू का? आणि ती रेघ तू तशी का ओढलीस?

चिमटी


सोमवार, १६ मार्च

चिमटे,

उलटी म्हणजे काय ते मला आधी कळेना. टायपिस्टने तिच्या दुसऱ्या, इंग्रजी यंत्रावर ते अक्षर काढून माझ्या डोळ्यांशी धरलं. बघितलं.

का ओढली विचारतेस, तर ऐक. त्या अक्षराच्या दोन दांड्या तेवढ्या शिल्लक होत्या, मधली रेघ पाण्याने नेली होती. कुठल्या बाजूला होती ते कुणाला विचारणार? दादाला माझ्याइतकंच येत होतं. मग मी तबकडीलाच विचारलं. तबकडी डावीकडे जशी असते तशीच उजवीकडे असते. हे अक्षर डाव्या अर्ध्यात एकदा होतं, उजव्या अर्ध्यात एकदा. तूच सांग, डावीकडच्या मिशीचं टोक डावीकडे वळवलंस तर उजवीकडच्या मिशीचं कुठे वळवशील? तसं वळवलं. तोल सांभाळला. आजही तसंच करीन.

घरात शाळेत गेलेली पहिली तू. पाटी घेऊन मला शिकवायला बसायचीस आणि मी म्हणायचे, नको गं, हाताची सवय मोडेल. तेच बरं होतं. इतकी वर्षं ते अक्षर सरळ होतं. तू शिकलीस आणि ते उलटं झालं.

आता सांगू नकोस. मागच्या पत्रात सांग म्हटलं होतं ते काम म्हणून, हसं म्हणून नाही. लोक आधी माझ्या रेघेला हसतील, मग दादाच्या टिंबांना. आणि हसून थांबणार नाहीत, फसवं म्हणतील. आम्ही कुणाला फसवलं? त्या अधिकाऱ्याने वेळ दिसू दे म्हटलं, आम्ही वेळ दाखवली. पुढे ते घड्याळ कुणाकुणाच्या हातून गेलं आणि कोण काय बोललं, ते आमच्या माथी का? तुझी बाई खूश आहे, दाताचा डॉक्टर खूश आहे. झाकली मूठ झाकलेली राहू दे. चित्र जाळून टाक.

आत्या

(मला एन चौतीस वेळा टाइप करायला लावला. मग कागद उलटा करून खिडकीशी धरला आणि म्हणाली, “मागून बघितलं तर माझंच बरोबर आहे.” तीन दिवस ती जिन्यातल्या गप्पांना बाहेर आलेली नाही. दार लोटून घेते आणि आत भिंतीवर बोटाने काहीतरी काढत असते. विचारलं तर म्हणते, “धूळ पुसतेय.” हे तुला कळवलं ते तिला सांगू नकोस. — टायपिस्ट)


सोमवार, २३ मार्च

प्रिय आत्या,

या पत्राला उशीर झाला, कारण मी तुझं ऐकता येतं का ते करून बघत होते. चित्र जाळलं नाही, ते माझ्या चादरीखाली सपाट ठेवलंय. पण पत्रक बदलून बघितलं. ‘चूक कारखान्यातली असल्याचे मानले जाते’ असं लिहिलं. कोण मानतं? मी तर मानत नाही. ‘चूक कारखान्यातली असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहिलं. मला ती साफ नाकारता येते, तुझं पत्र आलंय. शेवटी ‘एक अक्षर उलटे आहे’ एवढंच ठेवलं. ते अक्षरन् अक्षर खरं आहे आणि तरी वाचणारा त्यातून तेच समजेल जे बाई समजल्या. खऱ्या शब्दांनी खोटं बोलता येतं, हे मी शाळेत जाऊन शिकले असेन तर त्या शिक्षणाला आग लागो.

शुक्रवारी डॉक्टर घड्याळ डोळ्याखाली घालायला आले. उंच माणूस, पण टेबलाशी बसल्यावर त्यांचं वय उतरत गेलं. आपलं चंद्राचं घड्याळ मनगटावरून काढून त्यांनी कापडावर ठेवलं आणि त्यावर क्षणभर पंजा तसाच राहू दिला. म्हणाले, “पहिला दात काढला त्या दिवशी हे हातात होतं. पेशंट घाबरला नाही तेवढा मी घाबरलो होतो. यातल्या चंद्राकडे बघितलं आणि ओढला.”

बाई म्हणाल्या, “पुरे. दात दुखवून झाले, आता माझं मन नका दुखवू. द्यायचं की नाही?”

“देतोय ना! अकरा वर्षं तुम्ही माझ्या मनगटाकडे बघून बोलता, चेहऱ्याकडे नाही.”

“चेहऱ्यात चंद्र नाही हो.”

दोघं शाळकरी पोरांसारखी हसली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही झाकण उघडून बघितलंत ना?”

“हो.”

“आत काही?”

“दुरुस्ती करणाऱ्याची खूण आहे.”

“वा! म्हणजे कुणीतरी जीव लावलेला आहे.”

मी पुन्हा “हो” म्हणाले. तिन्ही उत्तरं खरी होती. जिना उतरताना माझे पाय मात्र खोटं बोलून आलेल्या माणसाचे होते.

शनिवारी बाई बहिणीकडे गेल्या. किल्ल्या आणि सत्तावीस घड्याळांची चावी माझ्याकडे दिली आहे. “माझ्या मंडळींना उपाशी ठेवू नकोस,” म्हणाल्या. रोज आठला मी कापड अंथरते. आज तुझ्या घड्याळाला चावी देताना भिंग लावून फक्त तो दुसरा एन बघितला. थरथर नाही, दुसरा हात फिरवलेला नाही, एका श्वासाची रेघ. माझ्या आयुष्यात मी इतकी ठाम रेघ ओढलेली नाही. तू चुकली नाहीस असं मी म्हणणार नाही, अक्षर उलटंच आहे. पण ते घाईने किंवा बेफिकिरीने उलटं झालेलं नाही. तुझ्याजवळ जे ज्ञान होतं ते सगळं पणाला लावून झालंय. सही करताना मी माझ्याजवळचं ज्ञान वापरलंसुद्धा नाही.

म्हणून, आत्या, या वेळी मी तुझं ऐकणार नाही. असं मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे आणि पेन घट्ट धरून लिहिते आहे. तू म्हणतेस मूठ झाकलेली राहू दे. पण त्या मुठीत माझी सही आहे, आणि तिच्यावर भिस्त ठेवून एक माणूस आपला चंद्र देऊन बसणार आहे.

आधी सांगेन की मी न बघता सही केली. मग झाकण उघडून टिंबं आणि रेघ दाखवेन आणि ती कुणाची ते नात्यानिशी सांगेन. तुला लपवून सांगता येईल का, याचाही विचार केला. ‘कुणीतरी तबकडी रंगवली’ एवढंच म्हटलं की तो ‘कुणीतरी’ लबाडच ठरतो. माझी आत्या, माझ्या बाबांच्या दुकानातली, असं म्हटलं तर तू माणूस राहतेस. मिशीचं तुझं म्हणणंही जसंच्या तसं सांगेन. हसले तर हसोत. मी तिथेच उभी असेन.

पुढचं मला माहीत नाही. बाई मला काढून टाकतील कदाचित. डॉक्टर आणि त्या एकमेकांशी बोलायच्या थांबतील, ते घड्याळ खालच्या खणात जाईल आणि परत बाहेर येणार नाही. सगळं गोड होईल असं मनाला समजावून बघितलं, मन ऐकत नाही. तू माझ्याशी बोलायची थांबलीस तर काय, याचा विचार अर्ध्यावर सोडून देते. टायपिस्टबाई, तिचं दार लोटलेलं असेल तर बाहेरूनच वाचा, पण सगळं वाचा.

बाई गुरुवारी संध्याकाळी येतात. प्रवासातून दमून आलेल्या माणसाला दारातच हे सांगू नये. ही पळवाटही असेल, पण एवढी एकच घेते. टेलिफोन करणार नाही, चिठ्ठी ठेवणार नाही. डॉक्टर शनिवारी अकराला येणार आहेत, त्याआधी एक सकाळ हातात आहे. शुक्रवारी, २७ मार्चला, आठ वाजता, पहिल्या घड्याळाला चावी देण्याआधी सांगणार.

चिमटी